वेळापत्रकाचा गुन्हा : गाडीचा वेग नेमका कोणाचा?

१/ पाटोद्याच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्याला दोन वेळा ठाऊक असतात : फलकावरची आणि गाडी प्रत्यक्ष येते ती. या दोहोंतील अंतर रस्त्यावर भरून काढायचे काम चालकाकडे येते. मालकाच्या गाडीत आता जीपीएस बसते आणि चालकाचा वेग दूरच्या पडद्यावर उमटतो. मात्र त्या वेगाला जबाबदार कोण, हा प्रश्न या यंत्राहून पुष्कळ जुना आहे. त्याविषयी हा धागा.

२/ सुरुवात आपल्याच रस्त्यावरून करू. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्याच नगरहून जामखेड, सौताडा, पाटोदा असा रस्ता मांजरसुंब्याकडे जातो. त्या दिवशी जामखेड मुंबई प्रांतात होते, तर बालाघाटातले पाटोदे निजामाच्या राज्यात. निजाम राज्यात रेल्वे खात्याचीच मोटारसेवा १९३२ पासून चालू होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सार्वजनिक मोटारीचा मालक सरकार आणि चालक पगारी नोकर, अशीच व्यवस्था उभी राहत होती.

३/ ब्रिटिश हिंदुस्थानात तोवर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला होता. त्याचे कलम ११५ अतिवेगाविषयी आहे. वेगमर्यादा मोडणारा चालक दोषी, हे ओघानेच आले. पण आपल्या नोकराला तसे चालवायला लावणाराही दोषी, असे त्याच कलमाचे दुसरे पोटकलम सांगत होते. म्हणजे मालक पहिल्यापासून कायद्याच्या नजरेत होता.

४/ चौथे पोटकलम तर मुळातून वाचावे असे आहे. त्याचा आशय असा : वेगमर्यादा न मोडता अमुक वेळात प्रवास पुरा होणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर तसे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा हुकूम देणे हाच ते करणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरेल. भिंतीवरचा निरुपद्रवी तक्ता अशा रीतीने गुन्ह्याचा कागद होऊ शकत होता. १९३० च्या दशकातील ब्रिटिश वाहतूक कायद्यातही अशीच तरतूद होती.

५/ तिसरे पोटकलम पुराव्याविषयीचे. ‘गाडी फार जोरात होती’ असे एकाच साक्षीदाराचे मत असेल, तर केवळ त्यावर शिक्षा देता येत नसे. त्या मताला यांत्रिक साधनाने केलेल्या मोजणीचा आधार लागे. नुसत्या नजरेवर कायद्याचा विश्वास नव्हता. यंत्राला साक्षीदाराचा मान मिळाला तो येथे, आणि चालकाला अन्यायापासून वाचवण्यासाठी.

६/ पुढे यंत्र थेट चालकाच्या शेजारी येऊन बसले. ‘टॅकोग्राफ’ हे उपकरण कागदी चकतीवर वेग, अंतर आणि चालवण्याचे तास रेखत असे. युरोपीय समुदायाने १९७० च्या नियमाने ते मोठ्या वाहनांना सक्तीचे केले. ब्रिटनमधील चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटले. अंमलबजावणी टाळणाऱ्या ब्रिटनविरुद्ध १९७९ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. गंमत अशी की मालकाने चालकाला विश्रांतीविना किती तास राबवले, हेही तीच चकती सांगत होती. हेर दोन्ही बाजूंची बातमी देत होता.

७/ जीपीएस मूळचे अमेरिकी सैन्याचे. नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची तूट मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि गाड्यांचा माग घेणे सोपे झाले. उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र गाडीचे स्थान व वेग काढते आणि मोबाईलच्या जाळ्यातून कार्यालयाला कळवते. चकती निदान चालकाला हातात घेऊन पाहता येई. ही नोंद मात्र त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

८/ भारतात या यंत्राचा मार्ग मुख्यतः प्रवाशांच्या सुरक्षेतून आला. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या चालकाने साथीदारासह खून केला. २०१२ मध्ये दिल्लीच्या बसमधील अत्याचाराने देश हादरला. २०१६ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला : सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळची कळ. मग ठावठिकाण्यासाठी बसवलेले यंत्र वेगही सांगू लागले.

९/ १९३९ च्या त्या तरतुदी १९८८ च्या कायद्यात कलम १८३ म्हणून आल्या. २०१९ च्या दुरुस्तीने ‘यांत्रिक’ या शब्दाला ‘किंवा इलेक्ट्रॉनिक’ अशी जोड दिली. वेळापत्रकाचे पोटकलम मात्र तसेच राहिले. नवे यंत्र आणि मालकाची जुनी जबाबदारी आज एकाच कलमात शेजारी नांदतात. व्यवहारात पडद्यावर लाल खूण उमटते ती चालकाच्या नावापुढे. त्याला दिलेली वेळ त्या पडद्यावर नसते.

१०/ आता पुन्हा पाटोद्याला येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मुकादमाने किंवा वाहतूकदाराने पाठवलेल्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, लेकरे आणि माणसे एकत्र असतात. कामासाठी पुरवलेलीच ही वाहने. पण कागदोपत्री मालवाहू, म्हणून प्रवासी वाहनांचा तो नियम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. निघायचे कधी आणि फडावर पोचायचे कधी, हे आत बसलेले ठरवत नाहीत, बहुधा चालकही नाही.

११/ इतिहासाचा विद्यार्थी कोणत्याही साधनाला आधी विचारतो : हे कोणी लिहिले, कोणासाठी, आणि यात काय लिहिलेले नाही? जीपीएसची नोंद हेही एक साधनच. ती खोटी नसेल, पण एकटी अपुरी आहे. तिच्याशेजारी त्या दिवशीचे वेळापत्रक, दिलेला हुकूम आणि चालकाचे कामाचे तास ठेवले, तर वेग कोणाचा होता ते कळेल. ८० वर्षांहून अधिक काळ कायद्यात असलेले ते पोटकलम याहून वेगळे काही मागत नाही.