कल्हई आणि विद्युत्‌विरहित विलेपन : एक शब्देतिहास

कणकवली हे मुंबई-गोवा मार्गावरील बाजाराचे गाव. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. या प्रदेशातील स्वयंपाक आंबटाशिवाय पुरा होत नाही. आमसूल, चिंच, कैरी, ताक या सर्वांतील आम्ले तांब्यापितळेच्या भांड्याला लागली की तांब्याचे विषारी क्षार अन्नात उतरतात. असे अन्न ‘कळकले’ असे म्हणतात. हे क्रियापद मराठीला स्वयंपाकघरातील अनुभवाने दिलेले आहे. आणि त्या अनुभवावरील उपायाचे नाव कल्हई.

कल्हईची क्रिया वरकरणी साधी आहे. भांडे घासून भट्टीवर तापवावयाचे, त्यावर नवसागराची पूड टाकावयाची आणि कथलाची कांडी टेकवून वितळलेला धातू कापसाच्या बोळ्याने आत फिरवावयाचा. नवसागर तापला की अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात. त्यांपैकी दुसरा तांब्यावरील ऑक्साइडचा थर नाहीसा करतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि उघड्या पडलेल्या तांब्याशी संयोग पावून त्याला चिकटते. लेप झिजला की क्रिया पुन्हा करावी लागते.

या एका धातूसाठी मराठीत दोन शब्द नांदतात, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची होय. ‘कथील’ हा संस्कृत ‘कस्तीर’ शब्दाशी निगडित असून तो धातूचे नाव आहे. ‘कल्हई’चे मूळ अरबी ‘कलई’ हे असून तेथे त्याचा अर्थही कथील असाच होता. नवव्या शतकातील अरब भूगोलकार इब्न खुर्दाजबिह याने पूर्वेकडील ‘कलाह’ येथील कथलाच्या खाणींचा उल्लेख केला आहे. त्या स्थळनामावरूनच धातूचे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कलाह म्हणजे मलाया द्वीपकल्पातील केडा, असेही अनेकांचे मत आहे. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतल्यावर त्यांच्याही लिखाणात हाच शब्द ‘कलाइम’ या रूपाने आढळतो. मराठीने मात्र अर्थाची वाटणी केली : धातू तो कथील, आणि त्याचा लेप ती कल्हई. परदेशी मालाचे नाव येथे येऊन क्रियेचे नाव झाले.

धातूवर विजेवाचून धातूचा लेप देण्याची कला अशी पुरातन आहे. पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेविले आहे की, कांस्यपात्रांना कथलाचा लेप दिल्याने अन्नाची चव सुधारते व गंजाचे विष आवरले जाते. विजेच्या साह्याने विलेपन एकोणिसाव्या शतकात आले. पुढे १९४६ च्या सुमारास वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत ॲब्नर ब्रेनर व ग्रेस रिडेल हे नळ्यांच्या आतून विजेने निकेल चढवीत असता, द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट मिसळल्यावर, विजेच्या हिशेबाने यावयास हवे त्याहून अधिक निकेल बसलेले त्यांना आढळले. हायपोफॉस्फाइटने निकेल अवक्षेपित होते, हे वुर्ट्‌झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्येच पाहिले होते. परंतु त्याचा उपयोगी व आटोक्यात राहणारा लेप या दोघांनी सिद्ध केला.

सुमारे ९० अंश उष्ण, आम्लधर्मी द्रावणात हायपोफॉस्फाइट निकेलच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते व स्वतः फॉस्फाइट बनते. बसलेले निकेलच पुढील क्रियेचे उत्प्रेरक होत असल्याने लेप वाढत राहतो, आणि नळीच्या आत किंवा कोपऱ्यातही सारख्या जाडीचा बसतो. त्यात थोडा फॉस्फरसही मिसळतो. शुद्ध तांब्यावर मात्र ही क्रिया आपण होऊन सुरू होत नाही; द्रावणात बुडालेल्या तांब्याला लोखंडाचा स्पर्श करावा लागतो.

या क्रियेला मिळालेले ‘इलेक्ट्रोलेस’ हे नाव अभावावर उभे आहे. मराठी विश्वकोशातील ‘विद्युत्‌ विलेपन’ या संज्ञेच्या धर्तीवर त्याचे ‘विद्युत्‌विरहित विलेपन’ असे भाषांतर केले, तर मुळातील दोष मराठीत उतरतो. इलेक्ट्रॉनांची देवघेव येथेही आहेच. नाही तो केवळ बाहेरून आणलेला प्रवाह. शिवाय वीज नसणे हे लक्षण मानले तर कल्हईही याच नावाखाली येईल. वास्तविक कल्हईत वितळलेला धातू पसरतो, निकेलच्या क्रियेत विरघळलेला धातू पुन्हा धातुरूप घेतो. ‘स्वयंउत्प्रेरकी विलेपन’ ही संज्ञा लांब असली तरी क्रियेचे खरे स्वरूप सांगते. परिभाषा घडविताना परकीय शब्दाच्या अवयवांपेक्षा वस्तूच्या गुणाकडे पाहणे अधिक हिताचे, हे कल्हईच्या उदाहरणानेच दिसते. मलायाचा शब्द कोकणात रुजला तो कोणी भाषांतर केले म्हणून नव्हे, तर भांड्याला त्याची गरज होती म्हणून.

ती गरज आज पुष्कळ ओसरली आहे. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी कल्हईचे काम अनावश्यक केले. आणि त्या पोलादाच्या एका प्रसिद्ध प्रकारात सुमारे ८ टक्के निकेल असते. निकेल घरोघरी पोचले ते लेप होऊन नव्हे, पोलादाच्या अंगात मिसळून. ज्या पिढीने कल्हईची भट्टी पाहिली नाही, तिला ‘कल्हई’ आणि ‘कळकणे’ हे दोन्ही शब्द कोशातूनच शिकावे लागतील. त्यांचे अर्थ व त्यांमागील क्रिया ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून हे सर्व आताच नोंदवून ठेवणे, हे भाषेच्या व रसायनशास्त्राच्या अभ्यासकांचे समाईक कार्य होय.