धावणारे इंग्रज, चालणारे आपण

इंग्रजीतला सगळ्यात अवघड शब्द कोणता असं विचारलं, की लोक वीस-पंचवीस अक्षरांचं काहीतरी अंगावर फेकतात. साफ चूक! वीस अक्षरी शब्दाला अर्थ बहुधा एकच असतो. पाठ केला की सुटलात. खरी भीती तीन अक्षरी क्रियापदांची. ‘सेट’, ‘पुट’, ‘रन’ ही मंडळी दिसायला किरकोळ, पण एकेकाचा गोतावळा उतरवून घ्यायचा म्हटलं तर अख्खी चाळ अपुरी पडेल.

डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला, तेव्हा एकट्या ‘टेक’चे त्याला १३४ अर्थ द्यावे लागले. प्रस्तावनेत त्याने असल्या क्रियापदांच्या नावाने रडगाणं गायलंय, आणि त्या आरोपींच्या यादीत ‘रन’ही आहे. पुढे १८७९ साली जेम्स मरे ऑक्सफर्डच्या कोशाला लागला. करार दहा वर्षांचा. मरे १९१५ साली गेला आणि कोश १९२८ साली पुरा झाला! (कंत्राटं फक्त आपल्याकडेच लांबतात असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.) त्या कोशात सर्वांत ऐसपैस बसला होता ‘सेट’. १९८९च्या आवृत्तीत त्याचे अर्थ ४३०च्या घरात गेले. पण २०११ साली बातमी आली की ‘रन’ पुढे गेला. क्रियापदाचे अर्थ ६४५! पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दापायी नऊ महिने अडकले होते. नऊ महिन्यांत माणसाचं मूल होतं; इथे ६४५ झाली.

असं का झालं? ‘सेट’ म्हणजे मांडणे, ठेवणे, बसवणे, घरंदाज काम. ‘रन’च्या नशिबात यंत्रं आली. आधी घोडे, कुत्रे आणि ओढे धावत होते. मग आगगाड्या धावू लागल्या, कारखाने धावू लागले, आणि आता टेबलावर बसलेला काँप्युटर जागचा न हलता प्रोग्रॅम ‘रन’ करतो.

गंमत अशी, की ही सगळी यंत्रं आपल्याकडेही आली, पण मराठीत शिरताना त्यांनी वेग कमी केला. त्यांची गिरणी धावते, आपली चालते. दुकान चालतं, शाळा चालते, संसार चालतो; कुणी उधारीवर माल मागितला तर तेही ‘चालेल’. त्यांचं नाक धावतं, आपलं वाहतं. त्यांच्याकडे नळाला ‘रनिंग वॉटर’. आमच्या गल्लीत पाणी आलं की माणसं धावतात. निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो. तिथे मात्र इंग्रज आपल्या बाजूचा. तोही उभाच राहतो. निवडून आल्यावर बसायचं कसं, हे दोघांनाही शिकवावं लागत नाही. क्रिकेटमध्ये तेवढी आपण ‘रन’ची सरळ ‘धाव’ केली, पण तिथेही फलंदाज चौकार मारून जागेवर उभा, आणि धावा चार!

आता आमच्या धंद्यातला ‘रन’. बँकेवर ‘रन’ येतो म्हणजे सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे मागायला येतात. ठेवी तर कर्जाऊ दिलेल्या, तिजोरीत रोकड थोडी. अफवा खोटी असली तरी रांग खरी असते, आणि धडधाकट बँकही त्या रांगेपुढे झोपू शकते. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्याच वर्षी लक्ष्मी बँकही. नावाप्रमाणे चंचल निघाली म्हणून विनोद करावासा वाटतो, पण रांगेतल्या माणसाच्या हातातलं पासबुक डोळ्यांपुढे येतं आणि विनोद घशात अडकतो. त्यानंतर ठेवींचा विमा निघाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत हमी. २०२० साली ती पाच लाखांवर गेली.

या अर्थाला मराठी शब्द मी बरेच दिवस शोधतोय. ‘बँकेवर धाड’ म्हटलं तर लोक पोलिसांना बोलावतील, ‘बँकेकडे धाव’ म्हटलं तर कर्ज हवंय असं वाटेल. तेव्हा आम्ही बँकेत ‘रन’च म्हणतो, आणि तेसुद्धा काउंटरपर्यंत ऐकू जाणार नाही अशा बेताने.