निवाड्याखाली नांगर

वकिलीची सनद घेतली त्या वर्षी माझ्याकडे आलेला पहिला दिवाणी दावा वाळवा तालुक्यातल्या एका बांधाचा होता. दोघे चुलतभाऊ आणि मधे अडीच हात जमीन. मोजणी झाली, कोर्ट कमिशनर येऊन गेले, हद्दीचे दगड रोवले गेले आणि रातोरात उपटलेही गेले. निकाल लागला तेव्हा बावीस वर्षं उलटली होती आणि माझे पक्षकार हयात नव्हते. निकालाची नक्कल मी त्यांच्या मुलाच्या हातात ठेवली. त्यानं ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "कागद घावला ताई. पर उद्या रानात जायचं ते ह्याच बांधावरनं."

ते वाक्य मनातून जाईना. आपल्या भागात कोर्टं येण्याआधी असे तंटे कसे मिटत होते, हे कळावं म्हणून मी पन्नाशीत मोडी शिकायला बसले.

पहिला महजर वाचला तेव्हा मजकुराआधी डोळे थांबले ते त्यावरच्या चित्रांवर. महजर म्हणजे गोतसभेनं केलेल्या निवाड्याचा कागद. आरंभी 'हाजिर मजालसी', म्हणजे सभेला कोण कोण हजर होतं त्यांची नावं. एका बाजूला दिवाण, म्हणजे सरकारी अंमलदार. दुसऱ्या बाजूला गोत: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं आपल्या कामाचं हत्यार काढलेलं. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा. ज्या हत्यारावर पोट चालतं तेच निवाड्याला जामीन दिलेलं.

कामाची रीतही पक्की होती. दावा मांडणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. त्या काळी राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे. ही सभा जो निवाडा करील त्याला आम्ही राजी आहोत, असा तो करार. मग जामीन, मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापलं म्हणणं, मग साक्षी. गावात दहशत आहे, इथं खरं कुणी बोलणार नाही, असं एखाद्याला वाटलं तर तो दुसरं 'थळ' मागू शकत असे आणि तंटा दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढं जाई. हरणाऱ्यानं 'येजितखत' लिहून द्यायचं, म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. सरकारात पैसे दोघांनीही भरायचे: जिंकणाऱ्यानं हरकी, हरणाऱ्यानं गुन्हेगारी. न्याय फुकट नव्हता.

कागद आणि साक्षी दोन्ही तोकडे पडले की मात्र दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायची. कृष्णेच्या पाण्यात उभं राहून शपथ घेणं हीसुद्धा त्यातलीच एक रीत. माझी श्रद्धा कायद्यावर आहे, ही वर्णनं वाचताना माझा हात आखडतो. पण ज्या माहुलीला याच कृष्णेचा वेण्णेशी संगम होतो, तिथलेच रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवणारा हा न्यायाधीश होता. दिव्याची भीती आणि शास्त्र्यांचा निर्भयपणा, दोन्ही एकाच मातीतले आहेत.

महजर वाचता वाचता मला अथेन्स आठवत राहिलं. तिथं दर वर्षी तिशी ओलांडलेल्या ६००० नागरिकांची नावं चिठ्ठ्या टाकून निघत, त्यांतूनच न्यायमंडळं भरत. लहान खाजगी दाव्याला २०१ जण, मोठ्याला ४०१. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दोषी ठरवणारं मंडळ सुमारे ५०० जणांचं होतं. राज्यकारभाराची सभाही चिठ्ठ्यांनीच निवडलेली, दहा गटांतून प्रत्येकी ५० असे ५०० सभासद. बोलायला वेळ किती, ते घटिकापात्रातलं पाणी ठरवी. दावा त्याच दिवशी निकालात निघे. बावीस वर्षांच्या तारखा घेतलेली मी तिथं वाचताना क्षणभर थांबले.

पण दोन्हीकडची वाट वेगळी आहे. अथेन्सचा न्यायकर्ता शेजाऱ्याशी चर्चा न करता काशाची चकती पात्रात टाकी; कुणी काय कौल दिला ते कळत नसे. कोण कुठल्या मंडळात बसणार हेही पुढंपुढं त्याच सकाळी ठरू लागलं, म्हणजे लाच द्यायला वेळ उरू नये. आपल्या गोतानं उलट केलं. इथं सगळे सगळ्यांना ओळखत होते, एकमत होईतो बोलत होते आणि शेवटी उघडपणे निशाणी करत होते. अथेन्सनं न्याय जपला तो न्यायकर्त्याचा कौल झाकून. आपण जपला तो न्यायकर्त्याला उघड्यावर बांधून घेऊन.

दोन्ही सभांना एक मोठं खिंडार होतं. अथेन्समध्ये बायका, गुलाम, परके बाहेर. आमच्याकडे गावाच्या शिवेचा तंटा असला की महाराचा शब्द प्रमाण मानत, कारण शीव त्याला ठाऊक. आणि त्याच माणसाला गावानं शिवेजवळ, वेशीबाहेर ठेवलं. मी वाचलेल्या महजरांत बाई दावेदार म्हणून भेटली, निशाणी करणारी म्हणून एकदाही नाही. म्हणून जुनं गोत परत यावं असं मी कधीच म्हणणार नाही. जातीच्या उतरंडीवर बसलेल्या सभेपेक्षा संविधानाचं कोर्ट मला लाखमोलाचं आहे.

तरी या मातीतली ती सवय पुसली गेली नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या; एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात त्यांच्याबद्दल विस्तारानं लिहिलं. हळूहळू त्यांची जागा कोर्टांनी घेतली. पण १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळं बसली. आमचा वाळवाही त्यातच होता, कारण सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो दक्षिण सातारा या नावानं झाला १९४९ मध्ये. आणि २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली ती तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांनी.

निकालानंतर चार वर्षांनी तोच मुलगा पुन्हा माझ्याकडे आला, या वेळी चुलतभावाला घेऊन. गावच्या तंटामुक्ती समितीपुढं दोघांनी बांध एकत्र आखला होता; तडजोडपत्र मी नीट लिहून द्यावं एवढंच काम. दोघांच्या सह्या झाल्या. मग दाराशी थांबलेले आजूबाजूचे चार शेतकरी आत आले. त्यांत एक म्हातारी होती. "आमचीबी रानं ह्याच बांधाला लागून हाईत," ती म्हणाली, "आमचीबी सही घ्या."

कायद्याला त्या सह्यांची गरज नव्हती. मी साक्षीदारांच्या खाली चार ओळी आखल्या आणि शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला.