दोन स्वयंवरे

आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे. मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे आमच्याही गावाला गोदाकाठच्या पैठणाहून दोन गोष्टी फार पूर्वीपासून मिळाल्या: नाथांची ओवी आणि लग्नातली पैठणी. आजचा आमचा विषय मात्र दूरचित्रवाणीचा आहे. खऱ्याखुऱ्या माणसांना पडद्यावर आणून त्यांची प्रेमे, रुसवेफुगवे आणि लग्ने दाखविणारे जे कार्यक्रम 'रिअ‍ॅलिटी शो' या नावाने ओळखले जातात, त्यांनी पाहणाऱ्यांच्या मनातली लग्नाची कल्पना कशी घडविली, हे आम्हांस पाहावयाचे आहे. त्यासाठी पैठणापासूनच निघणे बरे.

शके 1493 मध्ये, म्हणजे इ. स. 1571 साली, एकनाथांनी काशीक्षेत्री 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केले. कथा भागवतातली, सर्वांच्या परिचयाची. थोरला भाऊ रुक्मी शिशुपालाशी सोयरीक ठरवितो. रुक्मिणीचे मन कृष्णावर असते. ती ब्राह्मणाच्या हाती पत्र धाडून आपला निर्णय कळविते. या स्वयंवरात पैज नाही आणि परीक्षकही नाहीत. एका मुलीने आपले मन ओळखले आणि ते स्वतः कळविले, एवढेच त्याचे सार. उपवर मुलीने या ग्रंथाचे पारायण करावे, म्हणजे मनाजोगता वर मिळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्रात रूढ आहे. नवल असे की, 'मुलगा तुला पसंत आहे काय?' हा प्रश्न ज्या घरांतून मुलीला कधी विचारला जात नसे, त्याच घरांतून हा ग्रंथ तिच्या हाती दिला जाई.

दुसरे स्वयंवर सीतेचे. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून धरला जातो. या स्वयंवरात पण जनकाचा. जो धनुष्य पेलील त्याला माळ. भरलेली सभा, एकामागून एक पुढे येणारे राजे, त्यांची होणारी फजिती आणि अखेरचा विजय, असा हा प्रसंग पाहणाऱ्यास खिळवून ठेवतो. परंतु सीतेच्या मनात काय आहे, हे सभेला विचारावे लागत नाही. धनुष्यच निकाल देते.

रुक्मिणीचे मन रंगभूमीवर आणता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. 1916 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'संगीत स्वयंवर' लिहिले आणि बालगंधर्वांची रुक्मिणी पाहण्यास लोक लोटले. मन उलगडून दाखविण्यास वेळ लागतो, आणि त्या काळच्या नाटकाजवळ तो वेळ होता.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. पुढे 1990 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्यामागून परदेशांतले नमुनेही आले. अमेरिकेत 1965 सालीच आडपडद्यामागील तीन तरुणांना प्रश्न विचारून त्यांतला एक निवडणारी तरुणी दूरचित्रवाणीवर दिसू लागली होती. 2002 साली तेथेच एका पुरुषासाठी पंचवीस स्त्रियांची स्पर्धा लावणारा 'द बॅचलर' सुरू झाला. दर भागात कोणाला तरी निरोप द्यावयाचा, ही त्याची रीत. 2009 साली त्याच धाटणीचा 'राखी का स्वयंवर' हा कार्यक्रम एनडीटीव्ही इमॅजिन या वाहिनीवर झाला. वधू होती राखी सावंत. शेवटी माळ पडली, वाङ्निश्चय झाला आणि काही महिन्यांतच ती सोयरीक मोडली.

आमचा मुद्दा येथे आहे. या कार्यक्रमाने नाव आणि डौल रुक्मिणीचा घेतला; रचना सीतेच्या मंडपाची ठेवली. निवड वधूची, असे सांगावयाचे. पण वर किती, दिवस किती, निर्णय कोणत्या रात्री, हे ठरविणार वाहिनी. जनकाच्या जागी आता जाहिरातदार बसला होता, एवढाच फरक.

तरीही या कार्यक्रमांची सरसकट निंदा आम्हांस मान्य नाही. आमच्याकडे कांदेपोह्यांच्या बैठकीत प्रश्न एका बाजूने येतात आणि मुलगी खाली मान घालून उत्तरे देते. पडद्यावर प्रथमच वधू प्रश्न विचारते आहे आणि पुरुष उत्तर शोधीत आहेत, असे दृश्य घराघरांतून दिसले. एखाद्या मुलीने ते पाहून 'मीही विचारीन' असे मनाशी म्हटले असेल, तर ते थोडे नव्हे.

मराठीतला याहून सौम्य मासला म्हणजे 2004 साली सुरू झालेला 'होम मिनिस्टर'. आदेश बांदेकर 'भावोजी' होऊन घरी येत, वहिनींशी खेळ खेळत, उखाणे घ्यावयास लावीत, लग्न कसे जमले ते विचारीत, आणि जिंकणारीला पैठणी देत. घरच्या सुनेला सासू-सासऱ्यांदेखत मोकळेपणी बोलण्याची जागा या कार्यक्रमाने दिली, हे त्याचे श्रेय. मात्र पैठणी मिळाल्यानंतर उद्याचा स्वयंपाक कोणी करावयाचा, हा प्रश्न त्याने विचारला नाही. खेळ संपला की घर पूर्ववत्. 2022 साली त्याच्याच 'महामिनिस्टर' पर्वात अकरा लाखांची पैठणी ठेवली गेली, तेव्हा संसारापेक्षा बक्षीस मोठे दिसू लागले.

पाहणारा भोळा असतो, असे आम्ही म्हणत नाही. 2018 पासूनच्या मराठी 'बिग बॉस'मध्ये दोघांची जवळीक दिसली की 'हे खरे, की खेळापुरते?' असा वाद ओट्यावर बसलेली मंडळीही घालतात. पण रोज हाच वाद ऐकणारे मन पुढे स्वतःच्या माणसाकडेही त्याच नजरेने पाहू लागते. प्रेम म्हणजे जिंकावयाची पैज, नकार म्हणजे चारचौघांतली हार, आणि निर्णय अमुक रात्रीच व्हावयास हवा, या तीन समजुती कोणी शिकवीत नाही. त्या नकळत रुजतात. नकार हा अपमान वाटू लागला की त्याचा राग मुलीवरच निघतो. हे सर्वांत घातक.

आणि आमच्या भागात हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झाले होते, आणि मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. अशा मुलीला दोन्ही स्वयंवरे सारखीच दूर. संध्याकाळी ती पडद्यावर दुसरीची निवड पाहते, आणि शेजारच्या खोलीत तिची सोयरीक ठरत असते.

तेव्हा दूरचित्रवाणी बंद करा, असे आमचे सांगणे नाही. तो कार्यक्रम संपल्यावर घरातल्या मुलीला एकच प्रश्न विचारावा: 'तुला काय वाटते?' तिच्या उत्तरासाठी आठवडाभर थांबावे लागले तरी थांबावे, आणि उत्तर 'नाही' असे आले तर ते मानावे. साडेचारशे वर्षांपूर्वी रुक्मिणीचे पत्र नाथांनी मराठीत आणले. ते आपण मुलींना वाचावयास दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाचावयाचे मात्र अजून राहिले आहे.