सावनदुर्गाचे रान

बदलीचा हुकूम हाती घेऊन बंगळुरात उतरणाऱ्या मराठी माणसाला ह्या शहरात सर्वस्वी परके असे वाटत नाही. शहाजीराजांची जहागीर ती हीच, हे वाक्य तो शाळेपासून मनाशी बाळगून आलेला असतो. जयराम पिंड्ये ह्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे आणि तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला, एवढेही अनेकांस ठाऊक असते. परंतु जहागीर म्हणजे काही ओसाड माळ नव्हे. ती कोणाकडून तरी घेऊनच दुसऱ्यास दिलेली असते. बंगळूर ज्याच्या हातून गेले तो पुढे कोठे गेला, हा प्रश्न आम्ही मराठी मंडळी स्वतःस क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर शहरात मिळत नाही. ते शोधावयाचे तर पश्चिमेकडील मागडीच्या रानात शिरावे लागते.

शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर हे रान सुरू होते. रस्त्याच्या दोहों बाजूंची नाचणीची शेते विरळ होऊ लागतात आणि समोर एकाएकी एक प्रचंड उघडा खडक उभा राहतो. हाच सावनदुर्ग. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १२२६ मीटर आहे. त्याच्या दोन शिखरांस कानडीत करिगुड्ड व बिळिगुड्ड, म्हणजे काळी टेकडी व पांढरी टेकडी, अशी नावे आहेत. सह्याद्रीतील किल्ल्यांवर वाढलेल्या आमच्या डोळ्यांना हा डोंगर चमत्कारिक वाटतो. आमचे डोंगर काळ्या कातळाच्या थरांवर थर रचल्यासारखे. येथे थर नाही, कडा नाही, एकच एक गुळगुळीत पाठ आकाशाकडे चढत गेलेली. भूगर्भशास्त्रज्ञ ह्या दगडास क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात व त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे सांगतात. खडकाच्या पायाशी वीरभद्र व नरसिंह ह्यांची देवळे आहेत आणि सभोवती काटेरी झुडुपांचे व बांबूचे रान पसरलेले आहे.

अशा ठिकाणी दंतकथा उगवल्या नाहीत तरच नवल. केंपेगौडांना भूमिगत धन सापडले व त्यावर त्यांचे राज्य उभे राहिले, अशी एक कथा ह्या मुलखात सांगतात. दुर्गाच्या नावाविषयीही एकमत नाही. विजयनगरच्या अमदानीत सामंतराय नावाच्या अधिकाऱ्याने हा किल्ला बांधला, म्हणून तो सामंतदुर्ग व पुढे सावनदुर्ग, असे एक मत आहे. दुसरे असे की कानडीत ‘सावु’ म्हणजे मृत्यू. तेव्हा हा मृत्यूचाच दुर्ग. इंग्रजांनी हाच अर्थ उचलला. ह्याच डोंगररांगेत थोडे दक्षिणेस रामनगरजवळ रामदेवर बेट्ट आहे. तेथे रामाने काकासुराचा वध केला, म्हणून त्या टेकडीवर कावळा फिरकत नाही, असे लोक सांगतात. त्या टेकडीस रामगिरी असेही म्हणतात, हे ऐकून रामटेकच्या अभिमानी नागपूरकरांनी दचकण्याचे कारण नाही. मेघदूतातील यक्षाला येथे कोणी आग्रहाने बोलावलेले नाही. मात्र दंतकथा निर्माण करण्याची ह्या खडकांची शक्ती अद्याप ओसरलेली नाही. १९७५ साली पडद्यावर आलेल्या ‘शोले’ चित्रपटातील रामगढ येथेच उभारले गेले, आणि आज येणारे पुष्कळ प्रवासी रामाऐवजी गब्बरसिंगाची जागा विचारतात. कावळ्यांविषयीची कथा कशीही असो, ह्या टेकडीवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात ही गोष्ट खरी. २०१२ साली हा भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंगळूर वसविले ते केंपेगौडांनी, १५३७च्या सुमारास. पुढे ह्या घराण्याने मागडी व सावनदुर्ग आपल्या ताब्यात आणला. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान कर्नाटकावर चालून आला. त्याच्या सैन्यात शहाजीराजे होते. परमानंदाच्या ‘शिवभारता’त बंगळुराचे नाव ‘बिंगरूळ’ ह्या रूपाने येते. शहर पडले, ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले, आणि गौडांचे घराणे मागडीस जाऊन राहिले. आमच्या पाठ्यपुस्तकांतील हकीकत येथे संपते. रानातील हकीकत येथे सुरू होते.

राज्य गमावलेल्या माणसाने रानाचा आश्रय करावा, ही भारतीय राजनीतीतील जुनीच रीत आहे. कौटिल्याने दुर्गांचे जे प्रकार सांगितले त्यांत वनदुर्ग हा स्वतंत्र प्रकार आहे. आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाभोवतीची झाडी ही गडाची राखण होय, ती वाढवावी व तीतील काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे. सावनदुर्गाला हे तत्त्व कोणी शिकवावयास नको होते. दगडाचा दुर्ग आणि त्याभोवती झाडांचा दुर्ग, असे दुहेरी कवच त्यास लाभले होते.

ह्या कवचाचा उपयोग किती झाला, हे दोन आकड्यांवरून ध्यानी येते. शहाजीराजांकडे व त्यांच्यामागून एकोजीराजांकडे बंगळूर राहिले ते १६८७पर्यंत, म्हणजे एकूण ४९ वर्षे. त्या साली मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि चिक्क देवराज वोडेयर ह्यांनी तीन लाख रुपयांस खरेदी केले. जिंकणाऱ्यांची कारकीर्द अशी अर्ध्या शतकातच आटोपली. रानात गेलेले गौडा मात्र मागडीस टिकून राहिले. त्यांनी तेथे सोमेश्वराचे मंदिर उभारले, आणि त्यांची सत्ता अखेर मोडली ती १७२८ साली, म्हैसूरचा दळवाई देवराज ह्याच्या हातून. घराण्याचा शेवटचा पुरुष श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. ४९ वर्षे शहर आणि ९० वर्षे रान, असा हा हिशेब आहे.

दुर्गाची कहाणी ह्यापुढेही चालली. १७९१ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने त्यास वेढा घातला. टिपूची भिस्त तटावर होती तितकीच रानावर व त्यातील तापावर होती. परंतु इंग्रजांनी झाडी तोडून वाट काढली, तोफा ओढीत खडकापाशी नेल्या आणि २१ डिसेंबर रोजी हल्ला करून किल्ला घेतला. त्यांची हानी नाममात्र झाली. अमात्यांची ताकीद किती खरी होती, ह्याचा असा दाखला मराठी मुलखाबाहेर सापडावा, हे विशेष होय. आधी रान पडले, मग दुर्ग पडला.

जेत्याचा इतिहास शहरात राहतो. त्याचे दप्तर असते, कवी असतो, चंपू असतो. पराजिताजवळ बहुधा ह्यांतले काही नसते. त्याची आठवण देवळाच्या पायरीवर, खडकाच्या नावात, पुरलेल्या धनाच्या गोष्टीत जाऊन बसते. म्हणून दंतकथेला खोटी म्हणून झटकून टाकणे हा विद्वत्तेचा नव्हे, उतावळेपणाचा भाग आहे. भूमिगत धनाची कथा इतिहास म्हणून कोणी स्वीकारू नये. पण एका उखडल्या गेलेल्या घराण्यावर लोकांचा जीव होता, एवढे ती निश्चित सांगते. आणि एवढे कोणत्याही फर्मानात लिहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट आम्हां मराठी लोकांनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. ज्या शहाजीराजांच्या नावाने आम्ही ह्या शहराशी नाते सांगतो, त्यांचा अंत बंगळुरात झाला नाही. शके १५८५च्या माघ शुद्ध पंचमीस, २३ जानेवारी १६६४ रोजी, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीच्या दौडीत घोड्यावरून पडून त्यांना मृत्यू आला. त्यांची समाधी तेथेच आहे. कर्नाटकाच्या भूमीने एका घराण्याला रानात थारा दिला, तसा दुसऱ्या घराण्याच्या मूळपुरुषाला आपल्या मातीत ठाव दिला. दोघांत तिने आपपरभाव केला नाही.

परमुलखात नोकरी करणाऱ्याने तेथील भाषा शिकावी, लोकांशी सौजन्याने वागावे, हे तर खरेच. पण त्याहून थोडे अधिक करणे त्याच्या हाती आहे. आपला अभिमान जेथे संपतो तेथून पुढची पायवाट त्याने चालून पाहावी. सावनदुर्गाची ती पायवाट बंगळुरापासून फार दूर नाही. एक सुटीचा दिवस तिला पुरेसा आहे.