आतल्या खोलीपर्यंत नेट

आपल्या सोसायटीचा पाण्याचा, लिफ्टचा आणि पार्किंगचा इतिहास सगळ्या सभासदांना तोंडपाठ आहे. नेटचा इतिहास मात्र कुणी लिहून ठेवला नाही. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून, तेही आधी मोठ्या शहरांत. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल स्थापन झाले. त्या काळी घरचे नेट म्हणजे लँडलाइनवरून डायल करायचे. नेट चालू असेल तर फोन बंद. आतल्या खोलीत फोन हवा असेल तर लाइनमनकडून तार ओढून ‘पॅरलल’ घ्यायचा.

जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या. आज घरोघरी राउटर बिनधास्त चालतो, तो या निर्णयामुळे. तेव्हा २५६ केबीपीएस वेगालाही सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणत!

पण लहरींना भिंत आडवी येते. आपल्या भागात तर भिंतीचा विषय निघाला की ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आठवतेच. दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर लोकांचा भरवसा आरसीसीवर बसला, आणि तो योग्यच होता. मात्र स्लॅबमधल्या आणि कॉलममधल्या सळ्या, जाड काँक्रीट, लोखंडी कपाटे हे सगळे वायफायला अडवते. २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टाही मोकळा झाला. त्यात वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो.

हे खरे जाणवले ते २५ मार्च २०२०पासूनच्या लॉकडाऊनमध्ये. ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान असलेल्या आपल्या भागात लेकरांची शाळा आणि क्लास मोबाइलवर आले. हॉलमध्ये आवाज, आतल्या खोलीत रेंज नाही. ज्या घरात आतल्या खोलीपर्यंत नेट पोचले, तिथल्या लेकराचा तास बुडाला नाही. नेटचे बिल मात्र दोन्ही घरांत सारखेच.

यावर बरेच जण रिपीटर घेतात. तो लहर ऐकतो आणि पुन्हा फेकतो. साध्या रिपीटरला दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर करावी लागतात, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा जुना ‘पॅरलल’चा मार्ग बरा. पहिल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि कपाटात पडलेला जुना राउटर तिथे लावा. केबल दोन्हीकडे लॅनच्या खाचेतच घाला. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. दुसऱ्याचे डीएचसीपी बंद करा, नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतील आणि नेट मध्येच अडेल. नाव आणि पासवर्ड दोन्हींवर एकच ठेवा. मग फोन बहुतेक वेळा आपोआप जवळचा राउटर धरतो.

आता सोसायटीपुरता मुद्दा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. प्रत्येक फ्लॅटने दोन-दोन राउटर पूर्ण ताकदीने लावले तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे नेट रेंगाळते. घरातल्या दोन राउटरना वेगळे चॅनल द्या आणि शेजाऱ्याने कोणता घेतला आहे तेही विचारा. पार्किंगच्या जागा आपण बसून ठरवल्या, तसे हेही ठरवता येईल. पुढच्या रंगकामाच्या वेळी प्रत्येक फ्लॅटमध्ये हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत केबलसाठी एक पाइप टाकून घ्यावा, ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेत जरूर मांडावी.