बर्फाविना वाहणारी तेरणा

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात, माकणी गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. परिसरात ते 'माकणी धरण' याच नावाने ओळखले जाते. त्याची साठवण क्षमता सुमारे १२० दशलक्ष घनमीटर असून, औसा, निलंगा, उमरगा या शहरांसह अनेक खेड्यांची तहान या जलाशयावर अवलंबून आहे. हवामानबदल आणि गोडे पाणी यांचा विचार निघाला की साहजिकच हिमालयातील वितळत्या हिमनद्या डोळ्यांसमोर येतात. तेरणेची गोष्ट मात्र निराळी आहे.

हिमालयात हिवाळ्यात साचलेले बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळते आणि पाऊस नसतानाही नदी वाहती ठेवते. म्हणजे बर्फ हेच तेथील नैसर्गिक धरण होय. काठमांडू येथील 'इसिमोड' या संस्थेच्या २०२३ मधील अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांची झीज आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाली. बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावून निलंगा तालुक्यात औराद शहाजनी परिसरात मांजरेला मिळणाऱ्या तेरणेला असा कोणताही साठा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील चार महिन्यांचा पाऊस, एवढेच तिचे भांडवल. पावसाळ्यानंतर पाणी उरते ते धरणात आणि जमिनीत.

हवामानबदलाचा आघात या दोन्ही साठ्यांवर होतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. परिणामी पाऊस येतो तेव्हा मुसळधार येतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मराठवाड्याच्या जमिनीला मात्र असा पाऊस मानवत नाही. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. खालचा बेसाल्ट खडक सच्छिद्र नसल्याने पाणी केवळ झिजलेल्या थरात आणि फटींमध्येच साठते. त्यामुळे आठवडाभराची रिमझिम विहिरी भरते. तेवढाच पाऊस एका रात्रीत पडला तर तो ओढ्यांतून वाहून जातो आणि सुपीक मातीही धरणात नेऊन टाकतो.

उघड्या, उथळ जलाशयांतून उन्हाळ्यात होणारे बाष्पीभवन ही दुसरी गळती. तापमान वाढेल तशी तीही वाढणार. मग पाण्याची पातळी मृतसाठ्याकडे सरकते आणि गढूळ पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाढतो.

या अवलंबित्वाची परीक्षा २०१६ मध्ये झाली. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे तुटीचे गेले. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. त्या टंचाईचे खापर सर्वस्वी आभाळावर फोडणे योग्य नव्हे. दुष्काळप्रवण खोऱ्यात वर्षभर पाणी पिणारा ऊस वाढत राहिला, हेही तितकेच खरे.

पुढे चित्र उलटले. सप्टेंबर २०२१ मध्ये तेरणा आणि मांजरा खोऱ्यांत महापूर आला; पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात शेतजमिनीही खरवडून नेल्या. धरण चालविणाऱ्या यंत्रणेची खरी कोंडी येथेच आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरून ठेवला तरच पुढील जूनपर्यंत नळाला पाणी येईल; पण सप्टेंबरात भरलेल्या धरणावर अतिवृष्टी झाली तर दरवाजे उघडावेच लागतात आणि नदीकाठची शेते पाण्याखाली जातात. जागा मोकळी ठेवावी, तर परतीचा पाऊस हुलकावणी देण्याची भीती. जुन्या पर्जन्यमानाच्या सरासरीवर बेतलेली धरणे भरण्याची वेळापत्रके अशा वर्षांत अपुरी पडतात.

कृष्णा खोऱ्यातील पाणी उचलून धाराशिव जिल्ह्याला देण्याची कृष्णा-मराठवाडा योजना हा या टंचाईवरील उपाय म्हणून मांडला जातो. परंतु ते पाणीही सह्याद्रीवरील मोसमी पावसाचेच आहे. त्या उगमावरही बर्फ नाही.